सॅपमध्ये स्टँडर्ड कोड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे नीट शोधायचं कसं

सॅप, म्हणजे कंपनीची विक्री, खरेदी, हिशोब चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या जुन्या ईसीसीवरून नव्या एस-फोर हानाला जायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न येतो, आपल्याकडे कस्टम कोड, म्हणजे सॅपच्या स्टँडर्ड कोडवर आपण घातलेला, किती आहे, आणि मग कोणीतरी एसई१६एन (टेबलं बघायचा टीकोड, म्हणजे स्क्रीन उघडायचा कोड) उघडून झेडने (वायसारखंच ग्राहकाच्या स्वतःच्या नावांसाठी राखलेलं अक्षर) सुरू होणाऱ्या सगळ्या ऑब्जेक्टची लिस्ट एक्सेलमध्ये टाकून मेल करतं आणि पुढचा सगळा प्लॅन त्या आकड्यावर होतो. ती लिस्ट खोटी नसते, पण अपुरी असते. झेडवाले प्रोग्राम निदान नावावरून ओळखू तरी येतात हो, खरा त्रास देतो तो कोड जो सॅपच्याच नावाच्या प्रोग्राममध्ये आत जाऊन बसलाय, किंवा जो कोड म्हणून दिसतच नाही, कुठल्यातरी कॉन्फिगरेशन टेबलात एका ओळीला लटकलाय. तो कसा शोधायचा यासाठी हे लिहितोय.

आत्ताच का, तर ईसीसी ६.० चा मेनस्ट्रीम सपोर्ट २०२७ च्या अखेरपर्यंतच आहे आणि तोही एनहान्समेंट पॅक ६ ते ८ वाल्यांना, त्याआधीच्या पॅकवाल्यांची मुदत २०२५ अखेरचीच होती. पैसे भरून २०३० पर्यंत वाढवता येतं, पण बहुतेक कंपन्यांत काम सुरू झालंय किंवा होणारे. टीकोड आणि टेबलांची नावं आपण बोलतो तशीच लिहिलीयेत, टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजीत टाका.

आधी हे ठरवा की बघायचं कुठल्या सिस्टीममध्ये. माझं मत, लिस्ट प्रॉडक्शनमधून काढा. डेव्हलपमेंट बॉक्समध्ये टेस्ट प्रोग्राम, अर्धवट सोडलेली कामं, डॉलर-टीएमपी या पुढे न पाठवायच्या पॅकेजमधले लोकल ऑब्जेक्ट असं बरंच काही पडलेलं असतं जे लाइव्ह कधी गेलंच नाही, आणि ते मोजलं की आकडा उगाच फुगतो. प्रॉडक्शनमध्ये फक्त डिस्प्लेचा अ‍ॅक्सेस पुरतो, बेसिसवाल्यांना (सिस्टीम सांभाळणाऱ्या टीमला) आधीच सांगून ठेवा.

पहिली पायरी टॅडिर टेबल, म्हणजे टी-ए-डी-आय-आर. सगळ्या रिपॉझिटरी ऑब्जेक्टची, म्हणजे प्रोग्राम, टेबल, फंक्शन वगैरेंची, वही हीच. पीजीएमआयडी मध्ये आर३टीआर टाका, नाव झेड-स्टार आणि वाय-स्टार, आणि लिस्ट घ्या. हे सगळेच करतात. आता दुसरी रन मारा जी फार कमी लोक मारतात: नाव झेड किंवा वाय *नसलेलं*, पण सोर्स सिस्टीमच्या कॉलममध्ये सॅप नसून दुसरंच काही असलेलं. सॅपने पाठवलेल्या ऑब्जेक्टला तिथे सॅप असंच लिहिलेलं असतं, तुमच्या सिस्टीममध्ये जन्मलेल्याला तुमच्या डेव्हलपमेंट सिस्टीमचं तीन अक्षरी नाव असतं. या दुसऱ्या लिस्टमध्ये पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो.

पण त्यातलं सगळं चोरून केलेलं नसतं, हे समजून घ्या. प्रायसिंगच्या कंडिशन टेबल्स ५०१ ते ९९९ नंबरच्या म्हणजे ए५०१, ए९०१ वगैरे या आपल्याच असतात, पण त्यांना झेड लागत नाही. एलआयएसची (लॉजिस्टिक्सच्या रिपोर्टिंगची) इन्फो स्ट्रक्चर्स एस५०१ पासून पुढे, तेच. सीओ-पीए (नफ्याचं विश्लेषण) वापरत असाल तर ऑपरेटिंग कन्सर्नची सीई१, सीई२, सीई३, सीई४ ने सुरू होणारी टेबलं. शिवाय मशीनने जनरेट केलेला माल असतो, स्मार्टफॉर्मची स्लॅश-१बीसीडीडब्ल्यूबी-स्लॅशवाली फंक्शन मॉड्यूल्स, एलएसएमडब्ल्यू या डेटा लोड करायच्या टूलची स्लॅश-१सीएडीएमसी-स्लॅशवाली प्रोग्राम्स, सॅप क्वेरीची एक्यूने सुरू होणारी. जनरेटेडवाले बाजूला काढा, त्यांचं मूळ दुसरीकडे मोजलं जाणारच आहे. उरलेल्यात जे कोणाला ओळखू येत नाही ते एकेक करून उघडा.

स्लॅशने सुरू होणाऱ्या नेमस्पेसबद्दल, म्हणजे एखाद्या कंपनीसाठी राखलेल्या नावांच्या उपसर्गाबद्दल, दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. स्लॅश दिसला की कस्टम, असं नाही, स्लॅश-सॅपएपीओ-स्लॅश सॅपचंच आहे. आणि स्लॅश दिसला की सॅपचं, असंही नाही, कारण पार्टनर कंपन्या अ‍ॅड-ऑन विकतात ते त्यांच्या रजिस्टर केलेल्या नेमस्पेसमध्येच येतं. टीआरएनस्पेस टेबल बघा, एसई०३ मधूनही दिसतं, कुठला नेमस्पेस कोणाचा ते कळतं. आपल्याकडे ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना लागू झालं आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत खाली आलं, तेव्हा घाईघाईत असे अ‍ॅड-ऑन घेतले गेले, त्यामुळे भारतातल्या सिस्टीममध्ये हे हमखास तपासा. याच्या उलट जे-१-आय ने सुरू होणारं दिसलं की नवीन पोरं ते कस्टम म्हणून मार्क करतात, ते कस्टम नाही, ते सॅपचं इंडिया लोकलायझेशन आहे, ज्याला आपण सिन म्हणतो. एचआरमध्ये एचआयएनकॅल्क० सुद्धा तसंच, इंडिया पेरोलचा स्टँडर्ड ड्रायव्हर.

आता मुख्य काम, स्टँडर्डमध्ये हात घातलेला शोधणं.

एसई९५ उघडा, मॉडिफिकेशन ब्राउझर. मॉडिफिकेशन असिस्टंट (बदलांची नोंद ठेवणारी सोय) चालू ठेवून केलेले बदल आणि असिस्टंट बंद करून केलेले बदल, दोन्ही वेगवेगळे दाखवतं. असिस्टंट बंद करून केलेले असतील तर ती डोकेदुखी समजा, कारण नक्की कुठली ओळ बदलली हे सिस्टीमला माहीत नसतं, अख्खा इन्क्लूड (प्रोग्रामचा वेगळा ठेवलेला तुकडा) बदललाय एवढंच कळतं, आणि अपग्रेडच्या वेळी एसपीएयू (बदल जुळवायचा टीकोड) मध्ये ते हाताने सोडवावं लागतं. एसई९५ च्या मागचं टेबल एसमोडीलॉग, ते थेट एसई१६एन मध्ये काढलं की एक्सेलला सोपं पडतं, कोणी बदललं, कधी, कुठल्या ट्रान्सपोर्टमध्ये (बदल एका सिस्टीममधून दुसरीत नेणारी रिक्वेस्ट), सगळं येतं.

इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो नोट्सचा. एसनोट या टीकोडने सॅपची नोट, म्हणजे सॅपने दिलेली दुरुस्ती, इम्प्लिमेंट केली की ती सुद्धा स्टँडर्ड कोडच बदलते, तुमच्याच युजरच्या नावाने, तुमच्याच ट्रान्सपोर्ट नंबरखाली, आणि लॉगमध्ये दिसते. ती तुमची कस्टमायझेशन नाही, सॅपचीच दुरुस्ती आहे, ती असलेला सपोर्ट पॅक आला की विरघळते. म्हणून ऑपरेशनच्या कॉलमवर फिल्टर लावून नोटवाल्या ओळी वेगळ्या करा. हे न केल्यामुळे मॉडिफिकेशनचा आकडा भलताच फुगून मॅनेजमेंटसमोर जातो आणि मग तो आकडा खाली आणताना तुमच्यावरचा विश्वास जातो, म्हणून आधीच करा.

कोड उघडल्यावर असिस्टंटच्या खुणा ओळखायला शिका. स्टार आणि महिरपी कंस, मग इन्सर्ट किंवा रिप्लेस, पुढे ट्रान्सपोर्ट नंबर, आणि शेवटी बंद कंस. रिप्लेसमध्ये सॅपची मूळ ओळ स्टार-बॅकस्लॅश लावून कॉमेंट करून ठेवलेली असते, म्हणजे आधी काय होतं तेही तिथेच वाचता येतं. खुणा नसतील तर युटिलिटीज मधून व्हर्जन मॅनेजमेंटमध्ये जा. ज्या व्हर्जनचा रिक्वेस्ट नंबर एसएपीके ने सुरू होतो ते सॅपकडून आलेलं, आणि तुमच्या डेव्हलपमेंट सिस्टीमच्या नावाने सुरू होणारं तुमच्याकडचं. शेवटचं एसएपीके व्हर्जन आणि आत्ताचं अ‍ॅक्टिव्ह व्हर्जन सिलेक्ट करून कम्पेअर मारा, फरक ओळीओळीने समोर येतो. हे काम डेव्हलपमेंटमध्ये करा कारण व्हर्जनचा इतिहास तिथेच पूर्ण असतो.

अजून एक चांगला धागा म्हणजे एडीआयआर-अ‍ॅक्सेस टेबल. ईसीसीमध्ये स्टँडर्ड ऑब्जेक्ट बदलायचा तर सॅपच्या साइटवरून ऑब्जेक्ट की घ्यावी लागायची आणि ती की या टेबलात पडून राहते. म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या कुठल्या ऑब्जेक्टला हात लावायचं कोणाच्या तरी मनात आलं, त्याची यादी आयती मिळते. की घेतली म्हणजे बदल केलाच असं नाही, पण इथे आहे आणि एसई९५ मध्ये नाही असं काही दिसलं तर ते उघडून बघितल्याशिवाय सोडू नका. एस-फोरमध्ये या की लागतच नाहीत, त्यामुळे कन्व्हर्जनच्या आधीच ही यादी काढून जपून ठेवा.

स्वच्छ सिस्टीमशी थेट तुलना करायची असेल तर एसई३९ चा स्प्लिट स्क्रीन एडिटर आरएफसीने (दोन सिस्टीममधल्या जोडणीने) दुसऱ्या सिस्टीममधला प्रोग्राम शेजारी उघडून देतो, कस्टमायझिंगच्या टेबलांसाठी एससीयू०. पण दोन्हीकडची रिलीज आणि सपोर्ट पॅक लेव्हल एकच पाहिजे. सिस्टीम मेनूमधल्या स्टेटसमध्ये किंवा सीव्हर्स टेबलात सॅप-एपीपीएल ची लेव्हल बघा. लेव्हल वेगळी असली की सॅपने स्वतः केलेले बदल तुम्हाला कस्टम वाटायला लागतात आणि दोन दिवस फुकट जातात.

यानंतर येतात ग्राहकाच्या कोडसाठी सॅपनेच ठेवलेले दरवाजे, एक्झिट आणि एनहान्समेंट. यात नियम मोडलेला नसतो पण स्टँडर्डचं वागणं तर बदललेलंच असतं, त्यामुळे मोजायचं.

कस्टमर एक्झिटसाठी सीएमओडीचे प्रोजेक्ट बघा, एमओडीएसीटी टेबलात कुठल्या प्रोजेक्टमध्ये कुठलं एनहान्समेंट ते मिळतं. प्रोजेक्ट अ‍ॅक्टिव्ह आहे का ते बघा आणि मग झेडएक्स ने सुरू होणारा इन्क्लूड उघडा, कारण बऱ्याचदा प्रोजेक्ट अ‍ॅक्टिव्ह असतो आणि आत फक्त कॉमेंट असते. बॅडीसाठी (असाच अजून एक दरवाजा) परत टॅडिरच, ऑब्जेक्ट टाइप एसएक्ससीआय म्हणजे जुन्या क्लासिक बॅडीचं इम्प्लिमेंटेशन आणि ईएनएचओ म्हणजे नवीन फ्रेमवर्कमधलं. सोर्स सिस्टीम सॅप नसलेली हा फिल्टर इथे विसरू नका, सॅप स्वतःच ढीगभर ईएनएचओ पाठवतं.

ईएनएचओ मध्ये इम्प्लिसिट एनहान्समेंट हा प्रकार मी सगळ्यात काळजीपूर्वक वाचतो. फॉर्म, फंक्शन मॉड्यूल, मेथड यांच्या सुरुवातीला आणि शेवटी कुठेही कोड घुसवता येतो, ऑब्जेक्ट की मागत नाही, त्यामुळे की मिळत नाही तेव्हा लोकांनी हाच रस्ता धरला. आता विचार करा, सुरुवातीलाच कोड घुसवला आणि त्यात शेवटी एक्झिट किंवा रिटर्न लिहिलं तर खालचा सॅपचा सगळा कोड चालतच नाही, आणि तरीही एसई९५ च्या दृष्टीने तिथे मॉडिफिकेशन नाही! असं सापडलं तर त्याला मॉडिफिकेशनइतकंच गंभीर धरा. एनहान्समेंट आणि एंड-एनहान्समेंट या दोन ओळींच्या मध्ये काय आहे ते प्रत्येकाचं वाचायचं, शॉर्टकट नाही.

एसडीवाल्यांचं (विक्रीच्या मॉड्यूलवाल्यांचं) वेगळंच प्रकरण. सेल्स ऑर्डरचा एमव्ही४५एएफझेडझेड माहीत नाही असा अबॅपर (सॅपच्या अबॅप भाषेत कोड लिहिणारा) नसेल. नाव सॅपचं, कोड आपला. असे इन्क्लूड व्हीएमओडी या पॅकेजमध्ये ठेवलेत, एसई८० मध्ये पॅकेज उघडून एकेकाचं लास्ट चेंज्ड बाय बघा, सॅप सोडून दुसरं नाव दिसलं की उघडा. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या कंपनीत या एका इन्क्लूडमध्ये डिलिव्हरी ब्लॉक, क्रेडिट चेक, डीलरचं डिस्काउंट, कोणा एका प्लांटसाठी हार्डकोड केलेली अट, सगळं साचलेलं असतं आणि लिहिणारी माणसं कधीच निघून गेलेली असतात. याला लागेल तेवढा वेळ द्या.

टेबलांना जोडलेली फील्डं विसरू नका. डीडी०२एल मध्ये टेबल क्लास अपेंड टाकून लिस्ट घ्या, आणि सीआय ने सुरू होणारे इन्क्लूड, उदाहरणार्थ परचेस ऑर्डर हेडरचा सीआय-ईकेकेओडीबी, भरलेत का ते बघा.

आता तो भाग जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कॉन्फिगरेशनला लटकलेला कोड. कोड स्कॅनरला हा कोणीतरी वापरतंय हे कळत नाही, व्हेअर-यूज्ड लिस्ट (कुठे वापरलंय त्याची यादी) रिकामी येते, आणि मग कोणीतरी न वापरलेला म्हणून डिलीट करतं आणि महिनाअखेरीला इनव्हॉइस अडकतात.

व्हीओएफएम पासून सुरू करा. रिक्वायरमेंट आणि फॉर्म्युला (प्रायसिंग वगैरेमधल्या अटी आणि हिशोब), ६०० ते ९९९ नंबर कस्टमरचे, टीएफआरएम टेबलात यादी. आतला इन्क्लूड आरव्ही६४ए९०१ सारख्या नावाचा असतो, म्हणजे झेड नाहीच. कुठला नंबर कुठल्या प्रायसिंग प्रोसिजरमध्ये लावलाय ते प्रोसिजर उघडूनच बघावं लागतं. मुंबईत जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती, त्यासाठी कंपन्यांनी झेड कंडिशन टाइप आणि फॉर्म्युले केले होते, ते जुन्या प्रोसिजरमध्ये अजून बसलेले सापडू शकतात. एक्साइजच्या रजिस्टरांचे कस्टम रिपोर्टही तसेच. हे रिटायर करायला पहिले उमेदवार, फक्त जुन्या वर्षांच्या केसेस चालू असतील तर टॅक्सवाल्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

फायनान्समध्ये व्हॅलिडेशन आणि सब्स्टिट्यूशन, जीजीबी० आणि जीजीबी१. एक्झिट कुठल्या प्रोग्राममध्ये आहेत ते टी८०डी टेबलात, बहुतेक ठिकाणी आरजीजीबीएस००० ची कॉपी करून झेडआरजीजीबीएस०० केलेला असतो. एफआयबीएफ मध्ये बीटीई (ठरावीक घटनेला आपला कोड बोलावणारी सोय) बघा, टीबीई३४ आणि टीपीएस३४ टेबलांमध्ये कस्टमरची फंक्शन मॉड्यूल्स. आउटपुटसाठी टीएनएपीआर टेबल, प्रिंट प्रोग्राम आणि फॉर्मचं नाव तिथे असतं, इथे झेड किती आहेत ते बघितलं की इनव्हॉइस, चलन, पीओ यांचं काय झालंय ते एका नजरेत कळतं. आणि पेरोल असेल तर पीई०१ पीई०२ मधल्या स्कीमा आणि रूल, आयएन०० ची कॉपी करून बदललेली स्कीमा अबॅपच्या कुठल्याच लिस्टमध्ये येत नाही.

मग क्लोन. स्टँडर्ड प्रोग्राम झेड नावाने कॉपी करून आत चार ओळी बदलायच्या ही आपल्याकडची फार आवडती पद्धत. लिस्टमध्ये तो साधा झेड प्रोग्राम दिसतो, पण आत हजारो ओळी सॅपच्या आणि त्या सॅपच्या पुढच्या दुरुस्त्यांपासून कायमच्या तुटलेल्या. ओळखायचं कसं, तर प्रोग्राम भला मोठा असतो, आतल्या कॉमेंट जर्मनमध्ये असतात, आणि नावातून झेड काढला की स्टँडर्ड नाव उरतं. आरएस-अबॅप-सोर्स-स्कॅन रिपोर्टने झेड प्रोग्राम्समध्ये स्टँडर्डच्या फॉर्म रुटीनची नावं शोधा, मग एसई३९ मध्ये मूळ आणि कॉपी शेजारी ठेवा. खरा फरक पन्नास ओळींचा निघाला तर तोच तुमचा कस्टम कोड, बाकी ओझं.

एवढं करूनही एखाद्या व्यवहारात कुठला आपला कोड चालतो अशी शंका असेल तर एसएटी (चाललेला कोड नोंदवणारा ट्रेस) लावा. टेस्ट सिस्टीममध्ये व्हीए०१ ची एक ऑर्डर ट्रेस चालू ठेवून सेव्ह करा आणि रिझल्टमध्ये झेड शोधा, कॉल कुठून आला तेही दिसतं. महत्त्वाच्या टीकोडसाठी हे फंक्शनल माणसाला शेजारी बसवून करा, कारण त्याला बिझनेस माहीत असतो आणि तुम्हाला कोड.

सापडलेलं वापरात आहे का हा पुढचा प्रश्न. एसटी०३एन चा वापराचा डेटा थोडेच महिने मागे जातो, त्यावर निर्णय घेऊ नका. प्रॉडक्शनमध्ये एससीएमओएन (कुठला कोड चालला ते नोंदवणारं टूल) चालू करा आणि एसयूएसजी मध्ये साठवत जा, आणि हे आजच करा, प्रोजेक्ट सुरू व्हायची वाट बघू नका, कारण गेलेला काळ परत मोजता येत नाही. वर्षभर तरी पाहिजे. ३१ मार्चचं क्लोजिंग त्यात यायलाच हवं, टीडीएसची तिमाही रिटर्न यायला हवीत, दिवाळी बोनसचा प्रोग्राम वर्षातून एकदाच चालतो तो यायला हवा. सोबत टीबीटीसीपी टेबलातून बॅकग्राउंड जॉबमधले झेड प्रोग्राम काढा. आणि टीएफडीआयआर मध्ये मोड आर असलेली झेड फंक्शन मॉड्यूल्स, म्हणजे बाहेरून आरएफसीने बोलावता येणारी, त्यांची यादी वेगळी ठेवा, कारण त्यांना बोलावणारं डीलर पोर्टल किंवा वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सॅपच्या बाहेर आहे आणि व्हेअर-यूज्डला ते कधीच दिसणार नाही.

हे सगळं झाल्यावरच एटीसी (कोड तपासायचं टूल) चालवा, एस४हाना-रेडिनेस या चेक व्हेरियंटने, रिमोट लावून. व्हीबीयूके, व्हीबीयूपी गेलेत, कंडिशनचा डेटा केओएनव्ही ऐवजी पीआरसीडी-एलिमेंट्समध्ये जातो, मटेरियल नंबर ४० अक्षरी होतो, असल्या गोष्टींनी कुठला कोड मोडेल ते हा दाखवतो. सुरुवातीलाच एटीसी चालवून लोक हजारो एरर बघून घाबरतात आणि मरून पडलेला कोड दुरुस्त करत बसतात.

एक्सेलमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टपुढे चारच गोष्टी लिहा: कुठल्या प्रकाराने बदललाय, कुठल्या व्यवहारात लागतो, शेवटचा कधी चालला, आणि बिझनेसमधलं कोण त्याची जबाबदारी घेतं. शेवटचा कॉलम रिकामा राहिला तर तो ऑब्जेक्ट कोड फ्रीझच्या (कोड बदलणं थांबवायच्या दिवसाच्या) आधी स्टिअरिंग कमिटीच्या यादीत टाका. फ्रीझच्या दिवशी टॅडिर आणि एसमोडीलॉगच्या रन परत एकदा मारा, मधल्या महिन्यांत नवीन काय आलं ते जुन्या लिस्टशी ताडून बघा.